दोनच जागी झिजलेले दात

१

सुरुंगाची वात पेटली की हातात साडेतीन मिनिटं उरतात. जीपने आडोशापर्यंत पोचायला त्यातलं एक मिनिटही लागत नसे. त्या सकाळी साडेदहाला दगडखाणीतल्या सुरुंगवाल्याने वात पेटवली, लंगडत जीपपाशी आला, आत बसला आणि चावी फिरवली.

खाणीच्या काठावर थांबलेल्या सगळ्यांनी तो आवाज ऐकला. खर्रर्र. पुन्हा खर्रर्र. लोखंडाने लोखंड कुरतडल्यासारखा. कुणी म्हणालं सात वेळा, कुणी म्हणालं आठ. मग तो उतरून पळू लागला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, डावा पाय जुन्या अपघातात अधू झालेला. आडोसा पन्नास-साठ पावलांवर राहिला होता तेव्हा डोंगर उडाला.

मी तेव्हा खाण सुरक्षा कार्यालयात लेखनिक होतो. जबान्या लिहून घ्यायच्या, त्यांच्या तीन प्रती काढायच्या, हे माझं काम. निरीक्षक होत्या बाई. सगळं खातं त्यांना नुसतं बाईच म्हणायचं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते, गुडघे धरले होते, तरी खाणीत उतरताना हात पुढे केलेला त्यांना खपत नसे. वडिलांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. अक्षरओळख होण्याआधी पाना कुठला कुठे लागतो ते कळायला लागलं, असं त्या सांगत.

आम्ही पोचलो तिसऱ्या दिवशी. मुकादमाने आम्हाला खुर्ची देण्याआधी आरोपी दिला.

"मिस्त्री," तो म्हणाला. "तीन महिन्यांपूर्वी जीपचं इंजिन बसलं. त्याने दुसरं आणून टाकलं. स्टार्टर त्यानेच जोडला. पोलिसांनी आत घातलाय. तुम्ही फक्त कागद पुरा करा."

बाईंनी चष्मा पुसला. "जीप कुठे आहे?"

"जीप बघून काय करणार? आवाज सगळ्यांनी ऐकलाय."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "आवाज सगळ्यांनी ऐकला, पण दात कुणीच पाहिले नाहीत."

२

जीप होती तिथेच उभी होती. काचेचा चुरा, टपावर दगडांनी पडलेले खळगे. बाईंनी आधी दारातून आत नुसतं पाहिलं आणि मला सांगितलं, "लिहा. गिअर न्यूट्रलला. हँडब्रेक ओढलेला."

मी लिहिलं. त्यात लिहिण्यासारखं काय आहे, ते मला कळलं नाही.

मग त्या गोणपाटावर आडव्या झाल्या आणि जीपखाली सरकल्या. मी उजेडासाठी बॅटरी धरून बसलो. दोन बोल्ट काढून त्यांनी स्टार्टर बाहेर घेतला. बोल्टांची डोकी गोल झाली होती. बाई पुटपुटल्या, "हे ज्याने आवळलेत त्याच्याकडे मापाचा पाना नव्हता."

स्टार्टर निघाल्यावर त्या भोकातून इंजिनाच्या मोठ्या चाकाची कड दिसते. त्या कडेला दात्यांची कडी असते. स्टार्टरचं छोटं चाक पुढे सरकतं, आपले दात त्या दात्यांत घालतं आणि इंजिन फिरवून देतं. सगळा खेळ एवढाच. दात दातांत नीट बसले तर इंजिन उठतं. नाही बसले तर खर्रर्र.

बाई स्क्रूड्रायव्हरने ते चाक दात्यामागून दाता सरकवत राहिल्या. सुरुवातीला आठ-दहा दाते कुरतडलेले, उंदराने पाव खाल्ल्यासारखे. मग कितीतरी वेळ सगळे धारदार, कारखान्यातला काळा रंगही शाबूत. बरोबर अर्धं चाक फिरल्यावर पुन्हा आठ-दहा कुरतडलेले. नंतर पुन्हा कोरे.

बाई बाहेर आल्या, तेव्हा केसांत दगडाचं पीठ होतं.

"चार सिलिंडरचं इंजिन बंद केलं की ते कुठेही थांबत नाही," त्या म्हणाल्या. "दोनच जागी थांबतं, एकमेकींच्या समोरासमोर. त्यामुळे पुढच्या वेळी स्टार्टर त्याच दोन जागी दात लावतो. झीज तिथेच होते."

"म्हणजे मिस्त्रीने जुनी, झिजलेली कडी बसवली?"

"बाकीच्या दात्यांवर रंग आहे. कडी नवीकोरी होती. ती याच जीपमध्ये झिजली." त्यांनी हात पुसले. "आणि हे सात-आठ वेळांचं काम नव्हे. हा आवाज कित्येक दिवस येत होता. मला आता असा माणूस हवाय, ज्याने तो रोज ऐकला."

३

जीप रोज चालवणारा होता सुरुंगवाल्याचाच मेव्हणा. पस्तिशीचा, काटक. खाणीत सगळे त्याला हँडल म्हणायचे, कारण दुसऱ्याच्या गाडीत बसला तरी त्याचे हात हवेत हँडल फिरवत. आज ते हात मांडीवर पडून होते.

अपघाताच्या दिवशी तो जीपवर नव्हता. मुकादमाने त्याला सकाळीच लॉरी देऊन शहरात छिन्न्या आणायला धाडलं होतं. म्हणून त्याच्या दाजींनी, म्हणजे सुरुंगवाल्याने, जीप स्वतः नेली.

"इंजिन बदलल्यापासून जीप कशी चालायची?" बाईंनी विचारलं.

"झकास."

"चालू होताना?"

"एका चावीत."

"कधी आवाज?"

"एकदाही नाही." तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला. मी लिहिलं. त्याने जबानी वाचून न पाहताच सही केली. घरातलं माणूस गेलंय, वाचण्यात मन कसं लागणार, असं मला वाटलं.

दुपारी आम्ही कोठडीत मिस्त्रीला भेटलो. साठीचा, जाडजूड, तिरसट माणूस. बाईंनी काही विचारण्याआधी तोच बरसला.

"वीस वेळा चालू करून दाखवली होती त्या मुकादमाला! वीस! सही आहे त्याची. नवी कडी, नवा स्टार्टर. इंजिन दुसऱ्या बनावटीचं, स्टार्टरला दोन मिलिमीटर पुढे जागा कमी होती, म्हणून मध्ये पत्र्याची पट्टी कापून घातली. पट्टी असली की दात लोण्यात सुरी शिरावी तसे शिरतात. पट्टी काढली तर कडेला कड लागणार, करकर होणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल."

"पट्टी," बाई हळू म्हणाल्या. "किती मोठी?"

"हवी त्याहून थोडी मोठीच. हाताने कापतो मी. बाहेर बोटभर राहते. लोक हसतात, हसू दे."

बाईंनी चष्मा काढला. "मिस्त्री, मी आज स्टार्टर स्वतः काढला. तिथे पट्टी नाही."

त्याचा चढलेला आवाज जागच्या जागी बसला. त्याने भिंतीला पाठ टेकली.

"मग झालंच," तो म्हणाला. "मी ती घातलीच नव्हती, असंच सगळे म्हणणार."

४

खोटं बोलणाऱ्यालाही असाच चेहरा करता येतो, हे मी बाईंना परत येताना म्हणालो. त्या म्हणाल्या, "बरोबर. म्हणून चेहऱ्याला विचारायचं नाही. धुळीला विचारायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा जीपखाली गेल्या, आणि या वेळी मलाही बोलावलं. स्टार्टर बसतो त्या जागेभोवती तेल आणि दगडाचं पीठ मिळून राखाडी लेप बसला होता. बाईंनी बॅटरी तिरकी धरली. तेव्हा दिसलं. जिथे स्टार्टरची कड संपते तिथून बोटभर अंतरावर एक वेडीवाकडी रेघ होती. रेघेच्या बाहेर लेप जाड. रेघेच्या आत, स्टार्टरच्या कडेपर्यंत, लेप अगदी पातळ. भिंतीवरची जुनी तसबीर काढली की मागे जशी जागा उरते, तशी.

"पट्टीची सावली," बाई म्हणाल्या. "बोटभर बाहेर राहिलेली. मिस्त्रीने ती घातली होती. आता सांगा, त्याच्या शेडमध्ये दगडाचं पीठ असतं?"

"नाही. ते इथेच असतं."

"म्हणजे जीप खाणीत आली तेव्हा पट्टी जागेवर होती. चांगले दीड-दोन महिने होती, म्हणून बाहेर एवढा जाड थर. मग कुणीतरी स्टार्टर उतरवला, परत बसवला आणि पट्टी विसरला. आतला पातळ थर त्यानंतरचा. महिनाभराचा असेल."

मिस्त्री सुटला, असं मला वाटलं. पण बाईंच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्या म्हणाल्या, "चला, सुरुंगवाल्याच्या घरी जाऊ. त्याच्या बायकोची जबानी राहिलीय."

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खुंटीवर त्याचा कामाचा सदरा तसाच होता. त्याची बायको भिंतीशी बसून होती, शेजारणी उठून आत गेल्या. बाईंनी फार थोडं विचारलं. ते जीपबद्दल कधी काही बोलले होते का, एवढंच.

तिने खुंटीवरच्या सदऱ्याकडे पाहिलं. मग तिच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं.

"गेल्या आठवड्यात जेवताना हसत होते. म्हणाले, तुझा भाऊ गाडीला लाडावून ठेवतो. चावी लावायच्या आधी एक पाय बाहेर काढतो आणि जमिनीला रेटा देऊन गाडीला असा हिसका देतो, झोपलेल्या माणसाला खांद्याला धरून हलवावं तसा. यांनी विचारलं, हे काय रे? तर तो म्हणाला, काही नाही दाजी, सवय." तिने डोळे पुसले. "त्यांना त्याच्या सगळ्याच गोष्टींचं कौतुक. नोकरीला यांनीच लावला ना."

"ही सवय कधीपासूनची?"

"महिनाभराची असेल."

मी लिहून घेतलं, तिने अंगठ्याला शाई लागू नये म्हणून पेन जपून धरत सही केली. रस्त्यावर आल्यावर बाई एका कुंपणाला धरून उभ्या राहिल्या.

"गुडघा?" मी विचारलं.

"नाही. त्या बाईने आत्ता आपल्या भावाचं नाव सांगितलं," त्या म्हणाल्या, "आणि तिला ते कळलं नाही."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाणीच्या कचेरीत गेलो; तिथे रोजची नोंदवही होती. बाईंनी महिन्यापूर्वीची पानं उघडायला लावली. कुठलं यंत्र चाललं, कुठलं बंद, गाडीच्या किती फेऱ्या, एवढंच त्यात असतं. मुकादम समोर बसून टेबलावर बोटं वाजवत होता.

"मंगळवारी कॉम्प्रेसर बंद. बुधवारी बंद," मी वाचत गेलो. "गुरुवारी कॉम्प्रेसर चालू. जीपच्या फेऱ्या शून्य. शुक्रवारीही शून्य. शनिवारी जीप चालू."

बोटं वाजायची थांबली.

"कॉम्प्रेसरचं इंजिन कुठलं हो मुकादम?" बाई म्हणाल्या. "मी येताना पाहिलं. जीपमध्ये जे नवीन टाकलं, त्याच बनावटीचं दिसतं. स्टार्टरही सारखाच."

मुकादमाने घसा खाकरला. "कॉम्प्रेसरच्या हवेशिवाय ड्रिल चालत नाही, खाण बंद पडली असती. नवा स्टार्टर यायला दोन दिवस. जीपचा काढून लावला, मग परत बसवला. त्यात काय बिघडलं? जीप महिनाभर चाललीच की!"

"परवा हे सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"काढला कुणी? बसवला कुणी?"

"हँडलने. मी फक्त सांगितलं. त्याच्याकडे पाना नव्हता, त्याने आपलं पक्कडीने कसंबसं केलं." मग त्याला एकदम काहीतरी उमगलं आणि तो सावरून बसला. "पट्टीबिट्टी मला ठाऊक नाही. ते त्यालाच विचारा."

बाईंनी पट्टीचा शब्दही काढला नव्हता. मी लिहिणं थांबवून वर पाहिलं. बाईंनी मला डोळ्यांनीच खुणावलं, लिहीत राहा.

६

हँडलला बोलावलं तर त्याची बहीणही आली. बाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही घरी थांबलात तर बरं." ती म्हणाली, "माझा नवरा गेलाय. मला कळलं पाहिजे." मग बाईंनी तिला स्वतःची खुर्ची दिली.

"मी सांगते," बाई हँडलला म्हणाल्या. "चुकलं तिथे थांबव. मुकादमाने सांगितलं म्हणून तू स्टार्टर काढलास. शनिवारी परत बसवलास. एक पत्र्याची पट्टी उरली. कुठली ते तुला कळलं नाही, किंवा ती पडली ते दिसलंच नाही. त्या दिवसापासून जीप कुरकुरू लागली. कधी उठायची, कधी नुसती खरवडायची. मग तुझ्या लक्षात आलं की गिअरमध्ये टाकून गाडी जराशी रेटली की इंजिनाचं चाक काही दाते पुढे सरकतं, स्टार्टरला न झिजलेला दाता मिळतो आणि गाडी उठते. म्हणून तू एक पाय बाहेर टाकायचास."

तो आपल्या हातांकडे पाहत होता.

"तुझ्या दाजींना ही युक्ती ठाऊक असती, तर त्यांनी गिअर टाकून गाडी रेटली असती. गिअर न्यूट्रलला होता, हँडब्रेक ओढलेला. त्यांनी साध्या माणसासारखी चावी फिरवली, पुन्हा पुन्हा, त्याच झिजलेल्या दातांवर. तू म्हणालास, एकदाही आवाज आला नाही. ज्या गाडीचे दात महिनाभर कुरतडले गेले, ती रोज चालवणाऱ्याने आवाज ऐकला नाही, हे कसं?"

बहीण भावाकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय उतरत होतं ते मला बघवेना. आपणच काल काय सांगितलं ते तिला आता कळलं होतं.

"पट्टी पत्र्याच्या भंगारात गेली," हँडल म्हणाला. आवाज फाटका होता. "चार दिवसांनी लक्षात आलं. मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, मिस्त्रीकडे गाडी नेलीस तर स्टार्टर काढल्याचं मालकाला कळेल, चालतेय तोवर चालव, नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघतो. मला वाटलं, मी आहे ना. माझ्या हाताला ती चालतेय ना. दाजींनी शब्द टाकून लावलेली नोकरी, त्यांना कुठे खाली बघायला लावू? रोज वाटायचं, उद्या सांगू."

"आणि त्या दिवशी?"

"लॉरी दिली तेव्हा मी मुकादमाला म्हटलं, आज सुरुंग मी आल्यावर उडवा. तो हो म्हणाला. दाजींना पण म्हटलं, मी येईपर्यंत थांबा. ते म्हणाले, का रे? मी म्हटलं, असंच." त्याने तोंडावर हात घेतले. "असंच म्हटलं मी, ताई. कारण नाही सांगितलं. नंतर मुकादमाने घाई केली असणार. आणि त्यांना थांबायला मी कारणच दिलं नव्हतं."

बहीण उठली. मला वाटलं, मारते आता. ती नुसती त्याच्यासमोर उभी राहिली.

"त्यांना नाही तर मला सांगायचंस," ती म्हणाली. "मी त्यांना घरातून बाहेर पडू दिलं नसतं."

बाईंनी तिला बाजूला घेतलं. भावाने स्वतः कबूल केलंय, तेव्हा तुमच्या जबानीतलं ते बोलणं वगळता येईल, बहिणीचे शब्द भावाविरुद्ध कोर्टात वाचले जायला नकोत, असं त्या म्हणाल्या. तिने मान हलवली.

"ते यांचं बोलणं आहे. तसंच राहू दे."

७

पुढे खटला चालला. मुकादमाला ठाऊक असून त्याने जीप चालू ठेवली, थांबायचं कबूल करून सुरुंग उडवायला लावला. शिक्षा त्याला जास्त झाली. हँडललाही झाली, कमी. बाईंनी अहवालात मिस्त्रीवर एक ओळ लिहिली: याच्या कामात दोष आढळला नाही. ते सगळं नंतर. मला जे सांगायचंय ते मिस्त्री सुटला त्या सकाळचं आहे.

हँडलला संध्याकाळी ठाण्यात हजर व्हायचं होतं. त्याआधी तो मिस्त्रीच्या शेडवर गेला. बहीणही मागोमाग चालत आली, त्याच्याशी एक अक्षर न बोलता. बाई आणि मी मिस्त्रीच्या सुटकेचे कागद द्यायला तिथेच होतो.

हँडल पाया पडायला वाकला. मिस्त्रीने पाय मागे घेतले.

"माझ्याकडे येऊन विचारायचंस," तो म्हणाला. "आईवरून शिव्या घातल्या असत्या मी तुला. आणि दुसरी पट्टी कापून दिली असती. पाच मिनिटांचं काम होतं."

"चुकलं, मिस्त्री. माफ करा."

"मला कशाला सांगतोस? मला कोठडीत काही ऐकू येत नव्हतं." मिस्त्रीने आतल्या दाराकडे हात केला. तिथे त्याची बायको उभी होती, रिकामी कळशी कडेवर. "पाच दिवस हिला नळावर रांगेत उभं राहू दिलं नाही बायांनी. खुन्याची बायको म्हणाल्या. हिने लांबच्या विहिरीवरून पाणी आणलं. तुला बोलायचंय ना? नळावर जाऊन बोल."

नळ चौकाच्या कोपऱ्यात होता. पाण्याची वेळ होती, पंचवीस-तीस बायका, काही पुरुष. मिस्त्रीची बायको पुढे गेली, तशी रांग गप्प झाली. हँडल नळाच्या ओट्याशी उभा राहिला. कुणीतरी मागून ओरडलं, "काय तमाशा आहे?" मग त्याने सुरुवात केली. स्टार्टर मी काढला. पट्टी मी हरवली. आवाज मी रोज ऐकत होतो आणि कुणाला सांगितलं नाही. मिस्त्रीने काही केलं नाही. माझ्या दाजींना मी मारलं.

शेवटचं वाक्य त्याने दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा ते कुणाला नीट ऐकू गेलं नाही. नळाखालची घागर भरून वाहू लागली, तरी कुणी ती बाजूला केली नाही. मग रांगेत सगळ्यात पुढे असलेल्या म्हातारीने ती उचलली आणि मिस्त्रीच्या बायकोला जागा करून दिली.

मी त्याच्या बहिणीकडे पाहिलं. दहा पावलांवर ती पदर घट्ट धरून उभी होती. ती त्याच्या जवळ गेली नाही. पण तो बोलून संपेपर्यंत तिथून हललीही नाही.